आजोबांच्या नावावरचं ऊन

आमच्या कॉलनीत हल्ली कुणी कुणाची प्रकृती विचारत नाही. सकाळी दुधाची पिशवी घेऊन निघालेले दोन गृहस्थ समोरासमोर आले की पहिला विचारतो, "काल किती?" दुसरा चष्मा कपाळावर सरकवतो, मोबाइल डोळ्यांजवळ धरतो आणि म्हणतो, "तेरा पॉइंट चार. तुमचं?" "बारा नऊ. अडीचला एक ढग आला होता." मग दोघं मिळून त्या ढगाविषयी वाईटसाईट बोलतात आणि आपापल्या फाटकात शिरतात. नवख्या माणसाला वाटतं, हिमोग्लोबिनचं चाललंय.

सांगली-मिरज रस्त्याच्या आतली ही कॉलनी. बंगले जुने, बंगल्यांतली माणसं त्याहून जुनी, आणि गच्च्या सपाट. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना आणली. एक कोटी घरांवर सोलर बसवायचं, त्यासाठी पंचाहत्तर हजार कोटींच्या वर रक्कम बाजूला काढायची, असा मोठा बेत. त्यातला आमच्या कॉलनीनं नेमका एकच आकडा उचलला: ७८,०००. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान, तिसऱ्याला १८,०००, आणि चौथ्यापासून पुढं काही नाही. हे जाहीर झालं त्याच आठवड्यात कॉलनीतल्या प्रत्येक घराची विजेची गरज बरोब्बर तीन किलोवॅट निघाली. कोपऱ्यावरच्या घरात नवरा-बायको दोघंच असतात, मुलं पुण्याला, त्यांची गरज तीन किलोवॅट. त्यांच्या पलीकडं नऊ माणसांचं एकत्र कुटुंब, दोन फ्रिज, एक एसी, त्यांचीही तीन.

आता सोलर बसवण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर लोक पैसे म्हणतील, गच्ची म्हणतील, परवानगी म्हणतील. तसं नाही. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे आजोबा.

अर्ज भरायला बसलं की पोर्टल आधी ग्राहक क्रमांक मागतं. तो टाकला की ग्राहकाचं नाव पडद्यावर येतं आणि आजोबा प्रकट होतात. रेशनकार्डातून नाव कमी झालेलं असतं, पेन्शन थांबलेली असते, बँकेतल्या ठेवींची वाटणी होऊन त्यावरून झालेलं भांडण मिटलेलंही असतं. पण वीजबिल मात्र दर महिन्याला आजोबांच्याच नावानं येत राहतं आणि घर ते निमूटपणे भरत राहतं. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. कैलासवासी माणसाच्या नावानं पंखे फिरतात, मिक्सर चालतात, नातवाच्या लग्नाची रोषणाई होते. योजनेचा नियम मात्र सरळ आहे: जोडणी ज्याच्या नावावर, अर्ज त्याचा आणि अनुदानही त्याच्याच बँक खात्यात. शिवाय ओटीपी. आजोबा जिथं आहेत तिथं अजून रेंज पोचलेली नाही.

मग बिलावरचं नाव बदलायचं. त्यासाठी घराचा उतारा काढायचा. उतारा काढला की त्यावरही आजोबाच. म्हणजे आता वारस आले. तीन मुलगे, दोन मुली, त्यातले दोन गेलेले, म्हणजे त्यांची मुलं. बारशापासून बोलणं बंद असलेल्या चिंचवडच्या काकांना मग पुतण्याचा फोन जातो.

"काका, बरे आहात ना? जरा सोलर बसवायचं म्हणतोय. तुमची एक सही लागेल."

"कशावर?"

या एका शब्दात घराण्याचा चाळीस वर्षांचा इतिहास असतो.

"नुसतं ना-हरकत आहे हो काका. बिलावर नाव लावायला."

"तुझे वडीलही तेव्हा असंच म्हणाले होते. नुसतं ना-हरकत."

आमच्या समोरच्या घरात हे प्रकरण दोन पावसाळे चाललं. शेवटी इचलकरंजीच्या आत्या स्वतः आल्या, गुडघे धरत जिना चढल्या, गच्चीवर उभ्या राहून त्यांनी चौफेर पाहिलं आणि विचारलं, "यातली माझ्या हिश्श्यावर कुठली कुठली बसणार?" त्यांना पूर्वेकडची दोन पॅनेल दाखवण्यात आली. त्यांनी समाधानानं सही केली. दर दिवाळीला त्या फोनवर विचारतात, "माझी दोन बरी चालतात ना रे?"

कागद झाला की सोलरवाला मुलगा येतो. हा नेहमी सव्वीस वर्षांचा असतो आणि प्रत्येकाला काका म्हणतो. त्याच्या बोलण्यात "मोनो पर्क", "टॉपकॉन", "हाफकट", "बायफेशियल" असे शब्द असतात. शेवटच्या शब्दानं घरातल्या बायका चमकतात, पण पॅनेलच्या दोन्ही बाजू काम करतात एवढाच त्याचा अर्थ. "काका, पंचवीस वर्षं टेन्शनच नाही," तो बहात्तर वर्षांच्या गृहस्थांना सांगतो. गृहस्थ मनातल्या मनात बेरीज करतात आणि विषय बदलतात. पॅनेलच्या उत्पादनाची हमी पंचवीस वर्षांची असते हे खरं. इन्व्हर्टरची पाच ते दहा वर्षांची असते. आणि ज्या दुकानाच्या लेटरहेडवर या दोन्ही हम्या छापलेल्या असतात, ते दुकान उघडून तीन वर्षं झालेली असतात. दोन कोटेशनांमध्ये पंधरा-वीस हजारांचा फरक दिसला तर एक गोष्ट आधी विचारावी: पॅनेलमधले घट, म्हणजे सेल, आणि खुद्द पॅनेल, दोन्ही भारतात बनलेली आहेत का? अनुदान त्यावरच मिळतं. स्वस्त कोटेशन पुष्कळदा बाहेरच्या घटांचं असतं, आणि मग ७८,००० ला हात जोडावे लागतात.

दिशेचा प्रश्न निघाला तेव्हा कॉलनीतल्या ज्येष्ठ स्त्रियांची एक बैठक झाली. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, सूर्य वर्षातले बहुतेक दिवस आपल्या दक्षिणेच्या अंगानं जातो, म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला करतात. सांगलीचा अक्षांश सतराच्या आसपास, तेव्हा तिरकेपणाही साधारण तेवढ्याच अंशांचा. मुलानं खडूनं गच्चीवर रेघ मारून हे समजावलं. घरातल्या आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला. माणसाला सुद्धा असं झोपवत नाहीत आमच्यात." यमाच्या दिशेला पाय करून पंचवीस वर्षं झोपवायचं, आणि वर म्हणायचं टेन्शन नाही. शेवटी तोडगा आजींनीच काढला. पॅनेल झोपत नाही, ते दिवसभर काम करतं. संध्याकाळी झोपतं तेव्हा त्याचं ते बघून घेईल.

इन्व्हर्टर कुठं लावायचा यावर मात्र अजिबात वाद होत नाही. बाकीच्या गावांत तो सावलीची, हवेशीर भिंत बघून तळमजल्यावर मीटरजवळ लावतात. आमच्याकडं मुलगा भिंत शोधायला लागला की घरातलं कुणीतरी बोट दाखवतं: "एकोणीसला पाणी इथवर होतं." मग दुसरं कुणीतरी: "एकवीसला इथवर." २०१९ च्या ऑगस्टमधला आणि २०२१ च्या जुलैमधला कृष्णेचा पूर सांगलीकर असा भिंतीवर हात ठेवून सांगतो. इन्व्हर्टर मुकाट्यानं वरच्या मजल्यावर जातो.

गच्चीची वाटणी हा यापेक्षा नाजूक विषय. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, म्हणजे तीनाला तीनशे. आता आमच्याकडच्या गच्चीवर आधीच कोण कोण आहे पाहा. पाण्याची टाकी आहे. पाणी तापवायचा जुना सोलर बंब आहे, नळ्या फुटलेला, पण "चालू करायचाय" म्हणून ठेवलेला. पलीकडच्यांच्या नारळाची सावली आहे, जी कायद्यानं कुणाचीच नाही. आणि चैत्र लागला की वाळवण आहे. कुरडया, सांडगे, पापड, भरल्या मिरच्या. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर जरी सावली पडली तरी ओळीचं उत्पादन कमी होतं, त्यामुळं तीनशे फूट तुकड्यातुकड्यांत घेऊन चालत नाही. मुलानं उपाय सुचवला, "काकू, स्ट्रक्चर आठ फूट उंच घेऊ. खाली सगळी गच्ची मोकळी. मस्त सावली." काकूंनी त्याच्याकडं पाहिलं. "अरे पण कुरडया सावलीत कशा वाळतील?" इंजिनियरिंगच्या चार वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच विषयात येत नाही. उंच स्ट्रक्चरला खर्च जास्त, वाऱ्याचा मारा जास्त, आणि पॅनेल धुवायला शिडी लागते. तरी बहुतेकांनी ते घेतलं, आणि कुरडया आता ज्यांनी सोलर बसवलं नाही त्यांच्या गच्चीवर वाळतात. भाडं म्हणून शेराला पाव शेर.

पैशांचं बघू. आमच्याकडं हा विभाग एका निवृत्त बँकवाल्या काकांकडं आहे. तीन किलोवॅटला एक लाख ऐंशी ते दोन लाख, त्यातून अनुदान वजा, म्हणजे हातचे लाख-सव्वा लाख. फक्त अनुदान नंतर येतं, पैसे आधी द्यावे लागतात; हे वाक्य मुलगा सगळ्यात हळू आवाजात म्हणतो. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, महिन्याला १२०. तीनाचे ३६०. महिना ३०० युनिटचं घर असेल तर बिल तीन हजारांच्या वर जातं, ते जवळजवळ पुसलं जातं, आणि साडेतीन-चार वर्षांत पैसे वसूल. "तेच सव्वा लाख मुदत ठेवीत टाका," काका म्हणतात, "सात टक्क्यांनी वर्षाला पावणेनऊ हजार, त्यावर पुन्हा कर. इथं वाचतात तीस-पस्तीस हजार, आणि वाचलेल्या पैशावर कर लावणारं सरकार अजून जन्मलेलं नाही." हे शेवटचं वाक्य ते थोडं खाली वाकून, इकडंतिकडं बघून म्हणतात.

पण काकांच्या हिशेबातली खरी गंमत पुढं आहे, आणि ती सोलरवाले सांगत नाहीत. आपलं घरगुती बिल पायऱ्यांचं असतं. पहिली शंभर युनिटं स्वस्त. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून साधारण सात रुपयांच्या आत-बाहेर. १०१ पासून ३०० पर्यंतच्या युनिटाला जवळजवळ दुप्पट. त्याच्या वर आणखी चढ. सोलर जी युनिटं कापतं ती वरून कापतं. म्हणजे ३०० युनिटांच्या घरात पहिला किलोवॅट नुसती महागडी युनिटं खातो आणि दोन-अडीच वर्षांत आपली किंमत फेडतो. दुसराही बराच महाग घास खातो. तिसऱ्याच्या वाट्याला उरतात साठेक स्वस्तातली युनिटं, आणि बाकीचं उत्पादन वीज कंपनीच्या तारेत. त्याला फेडायला आठ वर्षं लागतात. सरकार तिसऱ्याला अनुदान कमी देतं यात काहीतरी शहाणपण आहे, पण कॉलनी ते ऐकायला तयार नाही. १८,००० सोडून द्यायचे म्हणजे काय.

तारेत गेलेल्या विजेचं पुढं काय होतं? दुपारी बारा वाजता पॅनेल जोमात असतं तेव्हा घरात एक आजी आणि एक पंखा असतो. बाकीची वीज नेट मीटरमधून बाहेर जाते. रात्री घर भरतं तेव्हा आपण ती परत घेतो. शेजारणीला दिलेल्या वाटीभर साखरेसारखा हा व्यवहार आहे; लागेल तेव्हा वाटी परत मिळते, फक्त ३१ मार्चला शेजारीण उरलेल्या साखरेचे पैसे हातावर टेकवून हिशेब मिटवते, आणि भाव ती ठरवते. तो फारच स्वस्तातला असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून कंपनीला वीज विकू आणि घरबसल्या कमावू, असं ज्या मेहुण्यांनी ठरवलं होतं, ते मार्चअखेर आलेला आकडा बघून पुन्हा नोकरीवर जायला लागले आहेत. आणि सगळी युनिटं वजा झाली तरी स्थिर आकार राहतोच. "मुफ्त बिजली" असं नाव घेऊन बसलेल्या माणसाला शे-दीडशे रुपयांचं बिल आलं की त्याचा जो चेहरा होतो, तो पूर्ण तीन हजारांचं बिल भरताना कधी झालेला नसतो.

याहून मोठा अपमान म्हणजे लाइट जाणं. सोलर बसल्यावर पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा एक गृहस्थ मुद्दाम ओट्यावर येऊन उभे राहिले. अख्खी गल्ली घामानं निथळत असताना आपलं घर कसं चालू राहतं ते लोकांना बघू द्यावं, असा साधा विचार. दुपारी एकची वेळ, वर लख्ख ऊन, आणि त्यांच्याच घरातून आवाज आला, "अहो, पंखा बंद पडला!" बॅटरी नसलेलं सोलर बाहेरची लाइट गेली की स्वतःहून थांबतं. तसं ते नाही थांबलं तर आपली वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसेल, म्हणून ही सोय आहे. हे सगळं त्या गृहस्थांना मान्य आहे. वायरमनच्या जिवाबद्दल त्यांना आस्थाच आहे. फक्त हे कोटेशनमध्ये ठळक अक्षरांत का नसतं, असं ते म्हणतात. बॅटरीवालं सोलर घ्यायचं म्हटलं तर खर्च पुष्कळ वाढतो आणि काकांची मुदत ठेव जिंकते.

उन्हाबद्दलही गैरसमज पुष्कळ. एप्रिलमध्ये ऊन कडक म्हणून लोक खूश असतात आणि आकडा मात्र अपेक्षेइतका वाढत नाही. पॅनेलची ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्याच्या वर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्का ती कमी होते, आणि आमच्या गच्चीवर भर दुपारी पॅनेल साठ-पासष्टला पोचतं. त्याला उजेड हवा असतो, उकाडा नको असतो. यात ते अगदी आमच्या काकूंवर गेलंय. निवृत्त शिक्षक आहेत आमच्यात एक, ते यावर सांगतात की १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामाचा घट झाला, तेव्हा तो अंगावर पडलेल्या उन्हातल्या जेमतेम सहा टक्क्यांची वीज करायचा. आता वीस टक्क्यांच्या वर करतो. "आणि उरलेले ऐंशी टक्के?" असा प्रश्न दरवेळी कुणीतरी विचारतं, गळती लागल्याच्या सुरात.

पावसाळ्यात ढगाळ दिवशी आकडा निम्म्यावर आणि कधी त्याच्याही खाली येतो. पूर्वी जूनमध्ये आभाळ भरून आलं की कॉलनीत भजी तळली जायची. आता लोक मोबाइलमध्ये बघून उसासे टाकतात. फेब्रुवारी-मार्चमधल्या अवकाळीला तर आमच्याइतका विरोध फक्त तासगावचे बेदाणेवाले करतात. त्यांचं लाखोंचं नुकसान होतं, आमची नऊ युनिटं जातात, पण बैठकीत आवाज आमचाच मोठा.

धूळ हा रोजचा शत्रू. आठ-पंधरा दिवसांनी पॅनेल धुवावी लागतात, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. त्यामुळं ज्या घरात गेली वीस वर्षं खिडकीची काच कुणी पुसली नाही, त्या घरातले कर्ते पुरुष पहाटे साडेसहाला वायपर घेऊन शिडीवर दिसतात. बायका खालून बघतात आणि काही बोलत नाहीत. पॅनेलच्या खाली पारव्यांनी घरटी केली की मात्र बोलतात, कारण ती साफ करायला कर्ते पुरुष येत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्षभरात बचत कुठं जाते? जे गृहस्थ रिकाम्या खोलीतला पंखा दिसला की घराण्याचा उद्धार करायचे, तेच आता म्हणतात, "राहू दे गं, आपलंच ऊन आहे." गॅसच्या जोडीला इंडक्शन येतं. गीझर उन्हाळ्यातही चालू राहतो. आधी एका खोलीला एसी बसतो, मग मुलं सुट्टीला येणार म्हणून दुसऱ्या खोलीला. तो रात्री चालतो, जेव्हा सूर्य नसतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ३०० युनिटांचं घर वर्षभरात ५०० चं होतं, आणि मग पुसलेलं बिल पुन्हा यायला लागतं. "काय उपयोग झाला सोलरचा?" असं ते गृहस्थ एसीत बसून विचारतात. सोलरनं त्याचं काम चोख केलेलं असतं.

तेव्हा बसवा, जरूर बसवा. महिन्याला दोनशे-तीनशे युनिटं जाळणाऱ्या घरासाठी याच्याइतका फायद्याचा व्यवहार आज दुसरा नाही. फक्त सोलरवाल्या मुलाला बोलावण्याआधी एक करा. बिलावरचे रुपये झाका आणि युनिटं बघा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करून बारानं भागा, आलेल्या आकड्याला पुन्हा १२० नं भागा. जे येईल तेवढे किलोवॅट तुमचे. उत्तर दीड आलं तर दीडच बसवा. गच्ची रिकामी आहे आणि सरकार देतंय, ही तीन बसवण्याची कारणं नव्हेत.